दिवेलागणीचे तीन ठोके

भानुमतीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं अनंतराव स्वतःला सांगत आले होते. खरं म्हणजे ते राहून गेलेलं नव्हतं. पत्र आलं त्याच दिवशी त्यांनी पोस्टातून निळं आंतर्देशीय आणलं, वर तारीख घातली, 'चि. भानुमती हिस, अनेक आशीर्वाद' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. त्याला आता सतरा दिवस झाले होते. तारीख दोनदा खोडून नवी घातल्यामुळे कागदाचा वरचा कोपरा धड वाचताही येत नव्हता.

अनंतरावांचा जन्म पुस्तकांत गेलेला. औरंगाबादच्या एका जुन्या वाचनालयात त्यांनी तेहतीस वर्षं पुस्तकं दिली आणि परत घेतली. कुणाला काय आवडेल ते त्यांना माणसाच्या चेहऱ्यावरून कळायचं, पण तसं तोंडानं सांगणं जमायचं नाही. मग ते पुस्तक नुसतंच टेबलावरून पुढं सरकवत. सोयगावचे आप्पासाहेब महिन्याकाठी शहरात कामाला येत आणि अशी सरकवलेली पुस्तकं पिशवीत घालून नेत. भानुमती ही त्यांची मुलगी. आप्पासाहेब जाऊन सहा वर्षं झाली होती आणि ती आता सोयगावच्या शाळेत शिकवत होती.

तिनं लिहिलं होतं:

'आदरणीय काका, सादर नमस्कार. शहरातल्या कन्याशाळेत बदली मिळते आहे. आईच्या डोळ्यांच्या औषधपाण्यासाठी मला ती घ्यायलाच हवी. तुमच्या शेजारचं काकासाहेबांचं घर त्यांचे पुतणे द्यायला तयार आहेत. मी परवा पाहायला आले होते, तुम्ही घरी नव्हता. बसस्टँडवर रिक्षावाल्याला सराईबोळ म्हटलं, तर त्यानं मला उतरवून दिलं. दुसऱ्यानं तोंडापर्यंत आणलं, आत आला नाही. बोळात विचारलं, तर जो तो म्हणाला, ताई, याच्याइतकी बिनघोर जागा अख्ख्या शहरात सापडायची नाही. काका, ही दोन्ही खरी कशी असतील? आम्ही दोघी बायका राहणार. बाबा म्हणायचे, अनंतराव बोलत नाहीत, पण बोलले तर खोटं बोलत नाहीत. तुम्ही लिहाल ते मी धरून चालेन. एक तारखेला हजर व्हायचं आहे. तुमचं उत्तर आलं नाही, तर काही हरकत नाही असं समजून मी सामान घेऊन निघेन.'

शेवटचं वाक्य अनंतरावांनी इतक्यांदा वाचलं होतं, की आता कागद न उघडताही ते डोळ्यांपुढं यायचं. गप्प बसणं हा त्यांचा आयुष्यभराचा आसरा. या पोरीनं त्या गप्प बसण्यालाच होकार करून टाकला होता. आज सव्वीस तारीख होती.

सराईबोळ गुलमंडीच्या मागच्या अंगाला होता. एका ओळीत सात घरं, मधल्या भिंती सामाईक. समोर पलीकडच्या गल्लीतल्या घरांच्या पाठभिंती, त्यांना खिडकी नाही की झरोका नाही. सगळ्यात आतलं, सातवं घर अनंतरावांचं. पत्नी उमा गेल्यापासून ते तिथं एकटेच राहत. सहावं घर काकासाहेबांचं, आता कुलूपबंद. पाचव्यात द्वारकाबाई. बोळाच्या तोंडाशी, पहिल्या घरात लक्ष्मीबाई.

पोलीस अ‍ॅक्शनच्या साली, अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात, शहरात कोण कुणाला भीत होतं ते सांगणं कठीण होतं. सगळेच सगळ्यांना भीत होते. रोज नवी अफवा यायची. त्या दिवसांत सातही घरांनी मिळून एक रीत पाडली. दिवेलागणीला पहिल्या घरानं दुसऱ्याच्या भिंतीवर तीन ठोके द्यायचे. म्हणजे आम्ही खुशाल आहोत. दुसऱ्यानं तिसऱ्याला द्यायचे. असं करत ठोके सातव्या घरात पोचले, की सातव्यानं दाराबाहेर दिवा लावायचा. तो दिवा दिसला की सगळ्यांनी दारं लावून जेवायला बसायचं. ठोके मध्येच थांबले, तर जिथं थांबले त्या घराकडं पुरुषांनी काठ्या घेऊन धावायचं. आणि हे बाहेरच्या कुणाला सांगायचं नाही, कारण सांगितलं तर उपयोग काय राहिला?

धावायची वेळ कधी आली नाही. भीतीचे दिवस सरले, संस्थान गेलं, राज्यं बदलली, कंदिलाच्या जागी विजेचा दिवा आला, द्वारकाबाईंचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात लागला. सदतीस वर्षं झाली, पण रीत सुटली नाही. पोरं बोलायला लागायच्या आधी भिंतीवर मूठ आपटायला शिकत. बोळात एक चोरी झाली नाही, कुणाचं काही वाकडं झालं नाही. शहरात दोनदा मोठा संचारबंदीचा काळ आला, तेव्हाही इथं फक्त दूध उशिरा आलं, एवढंच.

दिवा लावायचं काम अनंतरावांचं. सगळा बोळ बिनघोर आहे हे रोज संध्याकाळी एका अर्थी तेच जाहीर करत. म्हणून तर भानुमतीला 'ये' असं एका ओळीत कळवायला काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती काकासाहेबांची.

काकासाहेब जुन्या काळी कोर्टात पेशकार होते. नीटनेटका, वेळेचा पक्का माणूस. पत्नी वच्छलाबाई गेल्यावर एकटेच राहत. दोन वर्षांमागं मार्गशीर्षात एके सकाळी दूधवाला म्हणाला, पातेलं आत घेतलेलं नाही. दार फोडलं. काकासाहेब भिंतीजवळच्या स्टुलाशी खाली पडलेले होते. डॉक्टर रुमाल नाकाला लावून म्हणाले, चार दिवस तरी झाले असतील.

कुणी काही बोललं नाही. अनंतरावही बोलले नाहीत. पण ते चारही दिवस, दिवेलागणीला, काकासाहेबांच्या भिंतीतून त्यांच्या घरात तीन ठोके आले होते. सावकाश, सारख्या अंतरानं, पेशकारानं शिक्के मारावेत तसे. आणि चारही दिवस त्यांनी उठून दिवा लावला होता.

त्यानंतरही ठोके येतच राहिले. रिकाम्या घरात आवाज घुमतो, द्वारकाबाईंचेच ठोके दोन भिंती ओलांडून येत असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. मग वाटे, आपल्याला ऐकू तरी येतं का? की वेळ झाली म्हणून आपणच ऐकल्यासारखं करतो? आपल्या कानांवर कधी त्यांचा भरवसा नव्हताच. त्यापेक्षा न विचारणं बरं.

त्या दिवशी, सव्वीस तारखेला, सकाळी अनंतराव बोळाच्या तोंडाशी आले, तेव्हा पोस्टमन बन्सी लक्ष्मीबाईंच्या ओट्यावर टपाल ठेवत होता. सगळ्या बोळाचं टपाल तो तिथंच टाकून जायचा.

"बन्सी," अनंतराव चाचरत म्हणाले, "तू आतपर्यंत का येत नाहीस?"

बन्सीनं सायकल टेकवली. "काका, हा सगळा बीट माझाय. संचारबंदीत बी पास काढून टपाल टाकलंय म्या. पण तुमच्या बोळात पाय टाकवत नाय बघा."

"कुणी काही केलं का तुला?"

"कुणी कायबी करत नाय, त्येच तर! आत शिरलं की घरातली बोलणी बंद व्हत्यात. भांड्याचा आवाज बंद. मी चार पावलं टाकली की सातबी घरं ती चार पावलं ऐकायलेत असं वाटतं. आन काका, गुलमंडीत पावलापावलाला कुत्रं हाय. तुमच्यात एक तरी हाय का? कधी इचार केला, का नाय?"

अनंतरावांनी कधी विचार केला नव्हता. लक्ष्मीबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय रे बन्सी, मिशा एवढ्या मोठ्या राखल्यास आन काळीज उंदराचं! माझ्या सुना रातच्याला दागिनं घालून फिरत्यात इथं."

"तुमच्या सुना फिरत्यात मावशे, तुमच्याच हायेत त्या," बन्सी म्हणाला आणि पाय मारून निघून गेला.

परतताना द्वारकाबाई दारात उभ्याच होत्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, कायम ओले हात पदराला पुसणाऱ्या. उमा आजारी होती तेव्हा तीन महिने अनंतरावांचा डबा त्यांनी केला होता.

"लिहिलंत का हो सोयगावच्या पोरीला?"

अनंतराव दचकले. "तुम्हाला कसं..."

"आता टपाल लक्ष्मीबाईच्या ओट्यावर पडतं. निळं पत्र, नुसतं दुमडलेलं. नजर जातीच की." त्या हसल्या. "मी म्हणते, नका लिहू. कशाला डोळ्यांना तरास? तिनंच लिहिलंय ना, उत्तर नाय आलं तर येते म्हणून? मग गप बसा. येईल पोरगी. घर वाट बघायलंय."

घर वाट बघतंय, हे त्या इतक्या सहज बोलल्या की अनंतरावांनी मान डोलावली आणि ते आपल्या दारापर्यंत गेले. कुलूप काढताना मात्र त्यांचा हात थांबला. बोळात खरोखरच कुठून भांड्याचासुद्धा आवाज येत नव्हता.

काकासाहेबांच्या घराची किल्ली पुतण्यानं त्यांच्याकडंच ठेवली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ठरवलं, की आज आपण ऐकून घेऊन मगच लिहायचं. आज दिवेलागणीला आपण त्या रिकाम्या घरात बसायचं. द्वारकाबाईंचे ठोके येतील. आपण पुढं द्यायचे नाहीत. काहीच झालं नाही, तर आपलं घुमणाऱ्या आवाजाचं म्हणणं खरं. मग आजच रात्री 'ये' म्हणून लिहून टाकू.

सूर्य कलल्यावर त्यांनी आपल्या घराला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली, आणि शेजारचं दार हळूच उघडून आत जाऊन ओढून घेतलं.

आत धूळ होती, पण कुबट वास नव्हता. खुंटीवर काकासाहेबांचा काळा कोट अजून लटकत होता. अनंतरावांच्या घराकडच्या भिंतीला, छातीइतक्या उंचीवर, चुना उडून तळहाताएवढा लाल पट्टा पडला होता. त्याच्याखाली ते स्टूल होतं. सगळीकडं बोटभर धूळ. स्टूल तेवढं स्वच्छ होतं. ते त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. त्यावर न बसता ते समोरच्या, द्वारकाबाईंच्या घराकडच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

अंधारून आलं. मग लांबून, पहिल्या घरातून, तीन ठोके ऐकू आले. मग दुसऱ्यातून. एरवी आपल्या घरात बसून त्यांना फक्त शेवटचे ऐकू यायचे. आज मधल्या घरातून ते एकेक जवळ येताना ऐकले, तेव्हा भिंतींच्या आतून कुणीतरी काठी टेकत चालत येतंय असं वाटलं. तिसरं. चौथं. आणि पाठीमागं, अगदी मणक्याला लागून, द्वारकाबाईंचे. ठक. ठक. ठक.

अनंतरावांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

काही झालं नाही. दाराच्या फटीतून समोरच्या पाठभिंतीवरचा करडा उजेड विरताना दिसत होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. बोळ वाट बघत होता. कुणीतरी खाकरलं. एक लहान मूल काही विचारायला लागलं, त्याला कुणीतरी गप्प केलं. आपण रोज दिवा लावतो त्याआधी सगळा बोळ असा श्वास धरून असतो, हे त्यांना सदतीस वर्षांत ठाऊक नव्हतं. आणि त्यांना जाणवलं, की आपण घाबरलो आहोत. या बोळात, पहिल्यांदाच. रिक्षावाल्याला, बन्सीला जे वाटत असेल तेच हे. सगळी घरं कान देऊन बसली होती, आणि आज ती आपल्याला ऐकत होती.

तरी काही झालं नाही. आवाज घुमत नव्हता. कुणी नव्हतं. त्यांना हायसं वाटायला लागलं, तेवढ्यात पाठीमागच्या भिंतीतून हळू आवाजात कुणीतरी म्हणालं,

"काकासाहेब?"

द्वारकाबाईंचाच आवाज होता. भिंतीला तोंड लावून बोलल्यासारखा.

"काकासाहेब, द्या की पुढं. पोरं जेवायची खोळंबलीत."

त्यात भीती नव्हती, नवल नव्हतं. रोज बोलायच्या सवयीचं बोलणं होतं. शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला एखादी बाई ज्या मायेनं 'अहो, ऊन झालं, उठा' म्हणते, तसं.

मी आहे, अनंतराव, असं त्यांना म्हणायचं होतं. पण हात मांडीखालून कधी निघाले, आपण उठून स्टुलाशी कधी गेलो, त्यांना कळलं नाही. त्या लाल पट्ट्यावर त्यांच्या बोटांच्या पेरांनी तीन ठोके दिले. सावकाश, सारख्या अंतरानं. आपण असे देत नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"बरं," भिंत म्हणाली. मग थोड्या वेळानं, अजून हळू, "आता थोडंच दिवस, काकासाहेब. एक तारखेला पोरगी येतीय. मग तुम्ही मोकळं."

आणि पलीकडून, त्यांच्या स्वतःच्या कुलूपबंद घरातून, खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चार-पाच पावलं. बटणाचा खटका. फटीतून पिवळा उजेड जमिनीवर पडला.

बोळात दारं लागायला लागली. एकामागून एक कड्या. पाच कड्या त्यांनी मोजल्या. मग भांडी वाजली, माणसं बोलायला लागली, कुणीतरी हसलं. रोजच्यासारखी निवांत संध्याकाळ झाली.

अनंतराव बाहेर आले तेव्हा त्यांच्या दारावरचा दिवा जळत होता. दाराला कुलूप होतं. किल्ली खिशात होती. तिसऱ्या वेळी ती भोकात गेली. आत कुणी नव्हतं. भिंतीजवळची वेताची खुर्ची, जिच्यात बसून ते रोज ठोक्यांची वाट पाहत, ती नेहमीच्या जागेवरून हातभर मागं सरकलेली होती. त्यांनी बैठकीवर हात ठेवून पाहिला आणि लगेच काढून घेतला. ती उबदार होती.

त्या खुर्चीत ते परत बसले नाहीत.

सकाळी द्वारकाबाई ताक घेऊन आल्या. "काल जरा उशीर झाला हो. बरं नव्हतं का?"

"द्वारकाबाई," अनंतराव भांडं हातात तसंच धरून म्हणाले, "काकासाहेब जाऊन दोन वर्षं झाली."

"मग? मला काय ठाऊक नाय? माझ्याच लेकानं खांदा दिला."

"तुम्ही काल त्यांच्याशी..."

"आता काय करणार?" द्वारकाबाई उंबऱ्यावर टेकल्या. "जागा रिकामी कशी सोडायची, अनंतराव? मधलं एक घर तुटलं की सगळंच तुटलं. दुसरं कुणी येईस्तोवर त्यांनाच बसावं लागणार. मलाबी वाईट वाटतं. म्हातारा माणूस, किती दिवस ताटकळवायचं? म्हणून तर म्हणते, पोरगी येऊ द्या. आईबी येतीय सोबत, चांगलंच झालं."

"आणि मग त्या पोरीचं काय?"

"तिला काय व्हतंय?" त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं नवल होतं. "सदतीस वर्षांत कुणाला काय झालंय का इथं? तुम्हाला काय झालंय का?"

अनंतराव घोटभर ताक प्याले. ताक चांगलं होतं, नेहमीसारखं. द्वारकाबाई वाईट बाई नव्हत्या. बोळात कुणीच वाईट नव्हतं. भानुमती आली असती, तर त्यांनी तिच्या आईला हाताला धरून देवळात नेलं असतं, पोरीला ताप आला तर रात्र जागून काढली असती. आणि पुढं कधीतरी, तिला जायचं असलं तरी, जाऊ दिलं नसतं. इथून उठून दुसरीकडं राहायला गेलेलं एकही घर अनंतरावांना आठवेना.

दुपारी त्यांनी कपडे केले. निळं आंतर्देशीय आणि पेन सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं. हे पत्र बोळात बसून लिहायचं नाही, एवढं त्यांचं नक्की झालं होतं.

तोंडाशी लक्ष्मीबाई ओट्यावर होत्या. "काका, कुठं? पत्र टाकायचंय का? द्या इकडं, बन्सीला देते." त्यांनी हात पुढं केला होता.

अनंतराव आयुष्यात फार थोड्यांदा खोटं बोलले होते. "औषध आणायचंय," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा बरा निघाला.

"बरं बरं. दिवेलागणीच्या आत या म्हणजे झालं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. हात त्यांनी लगेच मागं घेतला नाही.

ते समर्थनगरला तात्यासाहेबांकडं गेले. तात्यासाहेब वाचनालयाचे जुने चिटणीस. त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्या मुलगा पुण्याला गेल्यापासून रिकाम्या होत्या. अनंतरावांनी कुणाकडं कशासाठी शब्द टाकल्याचं तात्यासाहेबांना आठवत नव्हतं. म्हणून अर्ध्या वाक्यात अडखळून ते थांबले, तेव्हा तात्यासाहेबच म्हणाले, "अहो, आप्पासाहेबांची मुलगी ना? मग विचारता काय? माडी झाडून ठेवायला सांगतो. पण तुमच्या बोळात काय वाईट आहे? इतकी वर्षं तुम्ही राहताच की."

"राहतो," अनंतराव म्हणाले. "जरा लिहायला टेबल मिळेल का?"

व्हरांड्यात बसून त्यांनी लिहिलं. पहिली ओळ लिहून झाल्यावर नेहमीसारखं वाटलं, की हे सगळं आपल्या कानांचे खेळ असतील, पोरगी हसेल, आप्पासाहेबांनी उगीचच आपल्याला खरं बोलणारा माणूस म्हटलं. तरी पेन थांबलं नाही.

'चि. भानुमती हिस, अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला, त्याला कारण माझा भित्रेपणा. तू विचारलंस, दोन्ही खरं कसं असेल. दोन्ही खरं आहे. आत राहणाऱ्याला इथं कशाची भीती नाही. बाहेरून येणाऱ्याला जी भीती वाटते ती मात्र आम्हाला ठाऊकच नव्हती. मी ती काल पहिल्यांदा अनुभवली. काकासाहेब वारले हे आम्हाला चार दिवस कळलं नाही. ते चारही दिवस, सगळं खुशाल आहे म्हणून दिवा लावणारा मी होतो...'

रीत काय, ठोके कसे, काल काय ऐकलं, सगळं लिहिलं. जे बाहेरच्याला सांगायचं नाही ते लिहिताना अक्षर बारीक बारीक होत गेलं, कडेची जागाही संपली. शेवटी, आडवं: 'तू शहरात जरूर ये. या घरात येऊ नकोस. तात्यासाहेबांच्या माडीची व्यवस्था केली आहे, पत्ता खाली देतो. मी वेडा आहे असं तुला वाटलं तरी चालेल, पण पत्ता हाच धर. बोळात मला भेटायला येऊ नकोस. मीच येत जाईन, जमेल तोवर.'

'जमेल तोवर' त्यांनी खोडायला घेतलं आणि तसंच ठेवलं.

क्रांती चौकात पोचायला पावणेपाच झाले. बसगाड्यांचे भोंगे, रिक्षा, फुटाणेवाले, दुकानांतून बाहेर ओसंडलेली माणसं. कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, आणि त्या गर्दीत अनंतरावांना जरा मोकळं वाटलं. पोस्टाच्या लाल पेटीवरच्या पाटीवर पाचची वेळ होती. सत्तावीस तारीख. सोयगावला परवा, फार तर तेरवा पोचेल.

त्यांनी पत्राच्या तिन्ही कडा पुन्हा एकदा दाबून पाहिल्या. डिंक सगळीकडं बसला होता. पत्ता वाचला, तालुका वाचला, 'सोयगाव'च्या मात्रा तपासल्या. मागं उभा असलेला एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, "आजोबा, टाकताय का? मला पण टाकायचंय."

"हो हो," अनंतराव ओशाळून म्हणाले, आणि मनगटापर्यंत हात आत घालून त्यांनी पत्र सोडून दिलं.